नदी आणि धरण दोन्हीकडे चालेल असा रॉड-रीळ कोणता घ्यावा? (बजेट ४ हजारापर्यंत)

संगमाकाठचा

नमस्कार मंडळी. गाव कराडजवळ, नोकरी पुण्यात आणि सासुरवाडी भिगवणकडे, म्हणजे एका बाजूला कृष्णा-कोयना आणि दुसऱ्या बाजूला उजनीचं पाणी, अशी आपली चंगळ आहे. लहानपणी बांबूची काठी, तंगूस (नायलॉनचा दोरा), गळ आणि काडू (गांडूळ) एवढ्यावर भरपूर मासे धरलेत पण रॉड-रीळ कधी वापरलं नाही. आता मेव्हण्यालाही नाद लागलाय आणि दोघांत मिळून एक चांगला सेट घ्यायचा विचार आहे.

ऑनलाईन बघितलं तर डोकंच फिरलं. एकीकडे १२ फुटी टेलिस्कोपिक रॉड, रीळ, दोरा, बॅग आणि वर शंभरेक रंगीत लूर (खोटं खाद्य) असा अख्खा कॉम्बो दीड-दोन हजारात, आणि दुसरीकडे नुसतं रीळच सहा हजाराचं. रिळावर २०००, ३०००, ६००० असे आकडे असतात ते काय असतंय? बेअरिंग जास्त म्हणजे चांगलं का? दोरा साधा नायलॉनचा घ्यावा की ब्रेडेड? गळ किती नंबरचा? आणि हे लूर बिर आपल्याकडे चालतात का खरंच, की नुसतं व्हिडिओत बघायला?

जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, घाई नाही.

भीमथडीचा पाहुणा

आधी मासा ठरव, मग पाणी बघ, रॉड सगळ्यात शेवटी. उजनीत तू काय धरणार, तर चिलापी, सिप्रिनस (कॉमन कार्प), रोहू, कटला, कधी शिंगटा, कधी वाम. यातल्या बहुतेकांना खाद्य लावून बसूनच धरावं लागतं, त्यामुळे ते शंभर लूर सरळ विसर. त्यातल्या नव्वदांचे गळ इतके मऊ असतात की बोटानं वाकवले तरी सरळ होतात.

रॉड: ८ फुटी, दोन तुकड्यांचा, मिडियम किंवा मिडियम-हेवी ताकदीचा. मुठीच्या वर बारीक अक्षरात १५-४० ग्रॅम असं काहीतरी लिहिलेलं असतं ते नक्की वाच, शिसं आणि खाद्य मिळून एवढं वजन तो रॉड नीट फेकतो असा त्याचा अर्थ. आपण काय करतो, १० ते ३० लिहिलेल्या रॉडला ८० ग्रॅमचं शिसं बांधून जोर लावून भिरकावतो आणि टोक मोडलं की माल खराब म्हणून बोंब मारतो. टेलिस्कोपिक वाईटच असं नाही म्हणणार, टू-व्हीलरवर किंवा एसटीत न्यायला सोयीचा आहे, पण त्याच्या सांध्यात वाळू गेली की तो एकतर उघडत नाही नाहीतर मिटत नाही, आणि दोरा ओवायच्या कड्या एका रेषेत ठेवायला दर वेळी खटाटोप. १२ फुटी तर नवशिक्यानं घेऊच नये, दिवसभरात खांदा भरून येतो.

रीळ: स्पिनिंगचं (रॉडच्या खाली लटकणारं) घे, ३००० किंवा ४००० साईज. हा आकडा म्हणजे स्पूल (दोरा गुंडाळायची चकरी) केवढा, त्यात दोरा किती मावणार, एवढंच. २००० चं छोट्या माशाला, ६००० च्या वर समुद्रावर जाणाऱ्यांना. बेअरिंगच्या आकड्याला भुलू नकोस, १३+१ लिहिलेलं हजाराचं रीळ आणि ४+१ लिहिलेलं दोन हजाराचं शिमानो किंवा डायवा कंपनीचं हातात घेऊन फिरवून बघ, तुलाच कळेल. मासा मोठा लागला की तुला वाचवणारी वस्तू म्हणजे ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढायला लागला की दोरा तुटू न देता हळूहळू सोडणारी यंत्रणा. दुकानात ड्रॅगची चकती थोडी सैल करून दोरा हातानं ओढून बघायचा, एकसारखा सुटला पाहिजे. अडखळत, झटके देत सुटला तर ते रीळ तिथंच ठेवून यायचं.

ड्रॅग लावायचा कसा हे बहुतेक जण सांगतच नाहीत. दोऱ्याच्या ताकदीच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्शावर लावायचा. म्हणजे १२ पौंडी दोरा असेल, साडेपाच किलोच्या आसपास, तर दीड किलोला सुटला पाहिजे. बॅगा मोजायचा लटकता काटा असतो ना, त्याला दोरा बांध, मेव्हण्याला काटा धरायला लाव, तू रॉड वाकवून ओढ आणि दीडवर सुटेल अशी चकती फिरव. अंदाजानं घट्ट करून ठेवतात आणि पहिल्याच पाच किलोच्या कटल्याला दोरा टणकन तुटतो.

दोरा: सुरुवातीला मोनो म्हणजे आपला तंगूसच, ०.३० ते ०.३५ मिलिमीटर. तो ताणला जातो म्हणून चूक पोटात घालतो. ब्रेडेड तेवढ्याच ताकदीला कितीतरी बारीक असतो, लांब जातो, जरा टोचलं तरी हाताला कळतं, पण ताणत अजिबात नाही आणि दगडावर घासला की गेला. कराडला तुमच्या नदीत काळा कातळ आहे, तिथं ब्रेडेड लावलास तर पुढं दीड-दोन मीटर मोनोचा तुकडा जोडायचाच. स्पूल काठोकाठ भरायचा नाही, कडेपासून दोनेक मिलिमीटर खाली ठेवायचा. जास्त भरला तर एका फेकीत दोऱ्याचा गुंता बाहेर, कमी भरला तर लांब जात नाही.

गळाचा नंबर उलटा चालतो हे लक्षात ठेव, १० नंबर बारीक, ४ मोठा, १ त्याहून मोठा आणि पुढं १/०, २/० असे वाढत जातात. चिलापीला ८ किंवा १०, रोहू-सिप्रिनसला ४ ते ६, शिंगट्याला १/० च्या पुढं. गळ स्वस्तातला घेऊ नकोस, मुस्ताड कंपनीचं पाकीट काय फार महाग नसतं.

गाठ मारताना दोरा थुंकीनं ओला करून मगच आवळायचा. कोरडा आवळला तर नायलॉन घासून तापतो आणि गाठीतच कमकुवत होतो, मग मासा तिथूनच सुटतो आणि आपण म्हणतो केवढा मोठा होता राव.

कृष्णाकाठी मामा

वरच्या पाहुण्यांनी बरोबर लिवलंय, पण माझं जरा ऐका. तुमी संगमावरचं, तुमाला हातदोरी येत असंल की. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीला तंगूस गुंडाळायचा, पुढं शिसं आन दोन गळ, गरगर फिरवून सोडायचा आन बाटली दगडाखाली दाबून दोऱ्याला घुंगरू लावून निवांत बसायचं. शंभर-दीडशे रुपयात काम हुतंय. आमच्या सांगलीला अजून निम्मी माणसं असंच धरत्यात आन रॉडवाल्यांपेक्षा जास्त घरी नेत्यात. रॉड घ्या, न्हाई म्हणत न्हाई, पण चार हजार घातलं म्हणून मासा ओळख दाखवत न्हाई.

नदीचं गणित धरणापेक्षा येगळं आसतंय, ते सांगतो. वाहत्या पाण्यात गोल शिसं लोळत लोळत काठाला येतंय आन दगडात घुसतंय. चपटं शिसं घ्यावं, ते तळाला बसतंय. आन शिसं मेन दोऱ्याला डायरेक बांधू नका, मधी पातळ तंगूसाचा ईतभर तुकडा घाला. अडकलं की त्यो पातळ तुकडा तुटतोय, शिसं जातंय पण गळ आन मासा दोन्ही परत येतंय. ह्या एका गोष्टीनं वर्साचं किती पैशे वाचतील बगा.

टाकायचं कुठं, तर मधल्या धारंत न्हाई. जोराची धार आन संथ पाणी जिथं भेटतंय त्या कडंला, न्हाईतर मोठ्या दगडाच्या मागं. मासा तिथं बसून असतोय, वाहत आलेलं खातोय.

दुसरं म्हंजे मगर. कराडला तुमच्याकडं एवढं न्हाई पण खाली भिलवडी, औदुंबर, डिग्रज, सांगली ह्या पट्ट्यात मगरी हाईत आन चांगल्या मोठ्या हाईत. गुडघाभर पाण्यात उभारून फेकायचं न्हाई, मासं काठाला बसून साफ करायचं न्हाई, सांजच्याला पाण्याजवळ वाकायचं न्हाई. थंडीत त्या उनाला पडलेल्या दिसत्यात, उन्हाळ्यात मादी अंड्यापाशी आसतीया तवा लई चिडकी. मासं धरलेली पिशवी पाण्यात सोडून ठिवायची सवय आसंल तर मोडा.

आन कोयनेच्या पायथा वीजगृहातनं २१०० क्युसेक सोडलं तरी संगमावर पाणी हळूच चढतंय, तुमी बसलेला दगड बेट हुतोय. धरणाचा निरोप गावात आला का बगूनच जावा.

झाडीपट्टीचा भाऊ

लूर चालत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या भंडारा-गोंदियाकडे या जी. इकडे मालगुजारी (जुन्या मालगुजारांनी बांधलेले) तलाव आहेत, कमळ, शिंगाड्याचे वेल, गवत, सगळं भरून राहते, आणि त्यात मरळ. मरळीसाठी रबराचा पोकळ बेडूक, त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर असतात म्हणून गवतात अडकत नाही. ७ फुटी मिडियम-हेवी रॉड आणि इथं मात्र ब्रेडेडच पाहिजे, ३० ते ४० पौंडी, मोनो नाही चालणार. मरळ लागली की सरळ वेलात घुसते, ताणणारा दोरा असला तर तुम्ही ओढतच राहता आणि ती आत जाऊन बसते.

बेडूक पानावर टाकायचा, थोडा थांबायचा, मग टुक टुक करत ओढायचा, पानाच्या कडेवरून पाण्यात पडला की पुन्हा थांबायचा. बहुतेक वेळा तिथंच फाडकन येते. आता सगळ्यात मोठी गोष्ट, पाणी उडालं की लगेच झटका मारायचा नाही. एक सेकंद, दोन सेकंद, हाताला वजन लागू द्या, मग मारा. नवीन पोरगा असला की आवाजालाच झटका मारते आणि बेडूक उडून त्याच्याच डोक्यावर येते.

मरळ कुठं आहे हे ओळखायचं असलं तर पाणी पाहत बसा. ती हवा घ्यायले वर येते, थोड्या थोड्या वेळानं, आणि बुडबुडे सोडून जाते. तिथंच टाका. पण पावसाळ्यात लाल-नारिंगी बारक्या पिल्लांचा थवा पाण्यावर दिसला तर तिथं टाकू नका. खाली आई-बाप राखण करत असतात, ते बेडकावर रागानं धावून येतात, भूक म्हणून नाही. त्यांना काढलं की दुसरे मासे दहा मिनिटात सगळी पिल्लं साफ करून टाकतात. सोपी शिकार आहे म्हणून आमच्याकडेही लोक करतात, मले पटत नाही.

संगमाकाठचा

वा, मनापासून धन्यवाद सगळ्यांना. मामा, तुमची पातळ तुकड्याची आयडिया जबरदस्त, आम्ही आजवर अख्खा सरंजामच नदीला वाहत होतो.

आता खाद्याचं सांगा. गांडुळाला चिलापी येते हे माहीत आहे पण रोहू-कटल्याला काय? आणि परवानगीचं काय असतं, उजनीवर कुणी अडवतं का? शिवाय एकजण म्हणाला मुळशीकडे खडशी म्हणजे महाशीर मिळतो, त्याला वेगळा रॉड लागतो का?

भीमथडीचा पाहुणा

खाद्य: शेंगदाण्याची पेंड भाजून कुटायची, त्यात कणीक, थोडा मैदा चिकटपणाला आणि वासाला चिमूटभर हिंग किंवा बडीशेप. पाणी अगदी बेतानं. आणि मळताना त्यात पिंजलेला कापूस थोडा थोडा घालत जायचा, त्याच्या तंतूंमुळे गोळी गळावर धरून राहते, नाहीतर फेकतानाच सुटून हवेत उडते. गोळी हरभऱ्याएवढी, गळाचं टोक जेमतेम बाहेर.

पण खाद्यापेक्षा खोली महत्त्वाची. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या थरातलं खातो. रोहू मधल्या थरात, मृगळ आणि सिप्रिनस तळ उकरतात. तू कटल्यासाठी तळाला शिसं टाकून बसलास तर संध्याकाळपर्यंत बसशील. फ्लोट (दोऱ्याला बांधायचा तरंगता तुकडा) लाव आणि गळ पाण्याच्या वरच्या भागात लटकू दे. कटल्याला लोक पेंडीचा लिंबाएवढा गोळा करून त्याभोवती चार-पाच बारीक गळ खुपसतात, तो गोळा पाण्यात विरघळतो, कटला ते पीठ ओढून घेतो आणि त्यात एखादा गळ जातो. तासभर आधी त्याच जागी दोन-चार गोळे नुसते टाकून ठेवायचे आणि मग जागा बदलायची नाही. पाच मिनिटाला जागा बदलणाऱ्याला काही मिळत नाही.

परवानगी: धरणातली मासेमारी बहुतेक ठिकाणी ठेक्यानं दिलेली असते, मच्छीमार सोसायटीला किंवा ठेकेदाराला. काठावर होड्या लागतात तिथं जाऊन सरळ विचारायचं, कुणाकडं आहे आणि गळाला चालेल का. नीट विचारलं तर बहुतेक वेळा एक-दोन रॉडला कुणी नाही म्हणत नाहीत, उलट कुठं बसायचं तेही सांगतात. न विचारता बसलास आणि त्यांच्या जाळ्यात तुझा गळ अडकला की मग ऐकून घ्यावं लागतं, आणि चूक आपलीच असते. अभयारण्यात मात्र मासेमारी बंदच, तिथं विचारायलाही जाऊ नकोस. पिण्याच्या पाण्याच्या धरणावर भिंतीजवळ तर बसूच नये.

लिड्सचा पुणेकर

मी गेली काही वर्षं इंग्लंडात आहे, इथं कार्पला धरतात ती एक पद्धत सुट्टीत आलो की आपल्याकडे वापरतो आणि सिप्रिनसला मस्त चालते. गळावर खाद्य लावायचंच नाही. गळाच्या मागून एक-दीड इंच बारीक दोऱ्याचं शेपूट सोडायचं आणि त्यात मक्याचे दोन-तीन दाणे ओवायचे, गळ मोकळाच. हेअर रिग म्हणतात. सिप्रिनस दाणा आत ओढतो, संशय आला की थुंकतो, आणि थुंकताना मोकळा गळ ओठात बसतो. मका रात्रभर भिजत घालून दुसऱ्या दिवशी चांगला मऊ उकडायचा, कडक राहिला तर माशालाही बाधतो. दाणे घसरू नयेत म्हणून टोकाच्या फासात गवताची काडी अडकवायची. ओवायला विशेष सुई मिळते पण आईची गोधडीची सुईही चालते.

इथं १३ वर्षांवरच्या प्रत्येकाला सरकारी रॉड लायसन्स लागतं आणि नद्यांवर १५ मार्च ते १५ जून मासेमारी बंद, अंडी घालायचा काळ म्हणून. आपल्याकडे तो काळ पावसाळ्याचा. पहिल्या पुराला ओढ्यानं चढणारे मासे पोत्यानं धरायची मजा असते हे कबूल, मीही कोकणातला आहे मूळचा, पण त्यातल्या माद्यांच्या पोटात अंडी असतात.

मुळशीच्या महाशीरबद्दल. हा आपला दख्खनचा महाशीर, त्याचं शास्त्रीय वर्णन १८३९ मध्ये कर्नल साइक्सनं केलं तेच पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. म्हणजे हा शब्दशः पुण्याचा मासा, आणि आज पुण्याच्या मुठेत काय आहे ते सांगायला नको. लोणावळ्याला वळवणला टाटांच्या केंद्रात याची पिल्लं वाढवून सोडतात, महाडजवळ वाळणकोंडीत लोक देवाचे मासे म्हणून राखतात. रॉड वेगळा काही लागत नाही, तुझा ८ फुटी चालेल, पण लागला तर सोड. गळाचा उलटा काटा पकडीनं आधीच दाबून ठेव म्हणजे सहज निघतो, मासा पाण्यातच धर, हात ओले कर, फोटो पटकन. कोरड्या हातानं किंवा गरम दगडावर ठेवलेला मासा सोडला तरी पुढं जगेलच असं नाही.

कृष्णाकाठी मामा

साहेब, मासा धरून सोडायचा म्हंजे आमच्याकडं बायको घरात घेणार न्हाई 😀 पण खडशीचं पटलं. देवाच्या डोहातला आमीबी धरत न्हाई.

आन त्यो कापूस मी बी घालतो, पण मैदा न्हाई, शिळा भात घाला. मैद्याला नुसती चिलापीची पोरं येत्यात, टोचून टोचून गोळी संपिवत्यात.

एक राहिलं, शिंगटा लागला तर उघड्या हातानं धरू नका. पाठीवर एक आन दोन बाजूला दोन काटं आसत्यात, हाताला लागलं तर रात्रभर ठणकतंय. फडकं टाकून वरनं दाबायचा आन लांब तोंडाच्या पकडीनं गळ काढायचा. कासव लागलं तर ओढाताण नको, कासवं कायद्यानं राखलेली हाईत, तोंडाजवळ गळ दिसत आसंल तर पकडीनं काढा, आत गेला आसंल तर जितकं जवळ जमंल तितकं तंगूस कापा आन सोडा.

संगमाकाठचा

मंडळी, घेतलं एकदाचं. दोन तुकड्यांचा ८ फुटी, १५-४० ग्रॅमवाला, चौदाशेला. ३००० चं रीळ अठराशेला. ०.३३ चा तंगूस, ६ आणि ८ नंबरचे गळ, चपटी शिसं, एक पकड आणि एक फोल्डिंग जाळी, सगळं मिळून चार हजाराच्या आतच बसलं. दुकानदार ब्रेडेड आणि बेडूक घ्या म्हणून मागे लागला होता, पण मरळीचं नंतर बघू म्हटलं. रविवारी मेव्हण्याला लटकता काटा धरायला बसवून ड्रॅग लावणार आणि मग पहाटे भिगवणला. तिकडचं काही खास सांगायचं असेल तर सांगा.

भीमथडीचा पाहुणा

उत्तम खरेदी. भिगवणला थंडीत रोहित (फ्लेमिंगो) आणि बाकीचे पक्षी उथळ पाण्यात उतरलेले असतात, त्यांच्यापासून लांब बस. तुटलेला तंगूस तिथं अजिबात टाकायचा नाही, पक्ष्यांच्या पायात अडकतो आणि नायलॉन कुजत नाही. बारीक तुकडे करून खिशात घालून घरी आण. उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की काठाला गाळ असतो, वरून वाळलेला दिसतो आणि पाय मांडीपर्यंत जातो, होडीवाल्यांच्या पायवाटेनंच जा. रॉड कार्बनचा असेल तर त्यातून वीज वाहते, शेतातल्या मोटारींच्या तारा काठाकाठानं गेलेल्या असतात तिकडं उभा रॉड घेऊन चालू नकोस, आणि वळवाचा गडगडाट ऐकू आला की गुंडाळून सरळ गाडीत.

ड्रॅग घरी परतल्यावर सैल करून ठेवायचा, घट्ट ठेवला तर आतल्या चकत्या दबून बसतात. आणि चिलापी मिळाली तर मोठी तेवढीच आण, तळहाताएवढीत नुसते काटे.